शंभर टनी रबर प्रेस आणि तापलेलं तेल : एका पॉवर पॅकची फेररचना

मराठवाड्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे रबरी बुश आणि माउंटिंग बनवणारा छोटा कारखाना आहे. तिथल्या १०० टनी कॉम्प्रेशन मोल्डिंग प्रेसचं हे प्रकरण. तक्रार साधी होती. दुपारनंतर तेल ७० अंशांच्या वर जातं, दाब पूर्ण येत नाही आणि मालावर फ्लॅश, म्हणजे मोल्डच्या फटीतून बाहेर आलेलं रबर, जाड सुटतो. मोठ्या कूलरचं कोटेशन टेबलावर आलेलं होतं. कूलर बसवला असता तर तेल नक्की थंड झालं असतं आणि कारखाना दर तासाला वीज जाळून केलेली उष्णता पाणी खर्च करून बाहेर टाकत राहिला असता.

हायड्रॉलिक्स शिकणाऱ्याने हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे, कारण इथे एकही भाग निकृष्ट नव्हता. चूक होती ती कोणत्या कामाला किती तेल आणि किती दाब लागतो हे वेगवेगळं न मांडण्यात.

मशीन आणि त्याचं काम

प्रेस चार खांबांची, अपस्ट्रोक पद्धतीची. सिलिंडर खाली आहे. त्यातला रॅम, म्हणजे तेलाने ढकलला जाणारा दंडगोल, वर सरकतो, खालचा प्लेटन, म्हणजे मोल्ड ज्यावर बसतो ती तापवलेली प्लेट, उचलतो आणि मोल्ड वरच्या प्लेटनला टेकून दाबला जातो. खाली येताना रॅम स्वतःच्या वजनानेच उतरतो, त्याला तेलाने ओढायची सोय नाही. रॅमचा व्यास २५० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ४९०.९ चौरस सेंमी. २०० बारला ९८२ किलोन्यूटन, म्हणजे १०० टन बळ. वापरातला स्ट्रोक २५० मिमी, म्हणजे रॅम पूर्ण वर गेला की सिलिंडरमध्ये १२.३ लिटर तेल भरतं. रॅम, खालचा प्लेटन आणि मोल्ड मिळून वजन साधारण १२०० किलो. हा शेवटचा आकडा कागदपत्रांत बहुतेक वेळा नसतोच. पुढे त्यानेच सगळ्यात जास्त अडवलं.

एका फेरीत चार कामं होतात. मोल्ड बंद करणं, शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये रबर दाबून पसरवणं आणि मधे दोन-तीनदा किंचित उघडून हवा सोडणं, ज्याला बंपिंग म्हणतात. मग ५ मिनिटं २०० बारला धरून ठेवायचं आणि शेवटी उघडायचं. प्लेटन १६० अंशांच्या आसपास तापलेले असतात आणि त्या ५ मिनिटांत रबर पिकतं.

आता प्रत्येक कामाची गरज स्वतंत्र लिहू. उचलायला १२०० किलो भागिले ४९०.९ चौरस सेंमी, म्हणजे अवघे २.४ बार, अधिक पाइप आणि व्हॉल्व्हमधला तोटा. इथे दाब नगण्य आणि तेल भरपूर लागतं. शेवटच्या दाबणीला दाब पूर्ण हवा, पण तेल थोडंच. धरून ठेवताना दाब पूर्ण हवा आणि तेल जवळजवळ शून्य. शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार, त्यामुळे धरून ठेवायला शक्ती लागतच नाही. गॅरेजमधला बॉटल जॅक ट्रकचा मागचा भाग रात्रभर उचलून धरतो, तेव्हा त्याचा दांडा कुणी हलवत बसत नाही. ४७५ सेकंदांच्या फेरीतले ३०० सेकंद जे काम चालतं, त्याला शून्य शक्ती लागते हे आधी कळलं की पुढची रचना बरीचशी आपोआप ठरते.

जुना पॉवर पॅक : एकावर एक दोन दुरुस्त्या

मूळ पॉवर पॅकमध्ये, म्हणजे प्रेसला दाबाचं तेल पुरवणाऱ्या संचात, ७.५ किलोवॅटची, म्हणजे १० एचपीची १४४० आरपीएम मोटर, फेऱ्याला १२ सीसी तेल देणारा एक गिअर पंप, १२० लिटर व्हीजी ६८ तेल, साइज ६ चा स्पूल पद्धतीचा (आत सरकणाऱ्या दांडीने तेलाच्या वाटा बदलणारा) ४/३ सोलेनॉइड व्हॉल्व्ह, ठरलेल्या दाबाला तेल टाकीत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच एवढंच होतं. पंप प्रत्यक्षात मिनिटाला १६.४ लिटर द्यायचा. त्या प्रवाहावर रॅमचा वेग सेकंदाला ५.६ मिमी, म्हणजे मोल्ड बंद व्हायला ४५ सेकंद. तापलेल्या मोल्डमध्ये रबर तेवढा वेळ पडून राहिलं की पातळ कडा आधीच पिकायला लागतात. त्या स्कॉर्चबद्दल कंपाउंडवाल्याला बोल लावला जात होता.

दाब धरण्याची मूळ योजना अशी. २०० बार झाले की प्रेशर स्विच मोटर बंद करणार, १८० ला उतरले की पुन्हा सुरू करणार. कागदावर बरोबर. पण सिलिंडरमधलं तेल अडवून धरायला फक्त स्पूल व्हॉल्व्ह होता. स्पूल आणि बॉडीमध्ये काही मायक्रॉनची फट ठेवावीच लागते, नाहीतर स्पूल हलणार नाही. त्या फटीतून २०० बारला मिनिटाला पन्नासेक सीसी तेल निसटतं आणि झीज झाली की जास्तच.

पन्नास सीसी म्हणजे चहाच्या कपाचा निम्मा भाग, त्याने काय होणार असं वाटतं. हिशोब करून पाहू. खनिज तेलाचा बल्क मॉड्युलस, म्हणजे दाबाखाली आकसायला होणारा विरोध, ढोबळमानाने १४,००० बार धरला तर १२.३ लिटर तेल १ बारने दाबायला ०.८८ सीसी पुरतात. म्हणजे १ सीसी गळलं की एक बाराहून जास्त दाब जातो. २० बार उतरायला १८ सीसी पुरेत. मिनिटाला ५० सीसी गळत असेल तर ते २१ सेकंदांत होतं. फ्रेमचा ताण आणि होजची फूग धरली तर थोडं उशिरा, एवढंच. दर वीस-तीस सेकंदांनी मोटर सुरू व्हायची आणि पंप ती तूट सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात भरून काढायचा. मोटर आधी कमी व्होल्टेजवर (स्टार) आणि मग पूर्ण व्होल्टेजवर (डेल्टा) नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरचा टायमर ६ सेकंदांचा. मोटर डेल्टात जायच्या आतच स्विच तिला तोडायचा, तेही सुरुवातीचा जबर करंट वाहत असताना. काँटॅक्टरचे पॉइंट महिन्याच्या महिन्याला जळू लागले.

मग पहिली दुरुस्ती आली. इलेक्ट्रिशियनने प्रेशर स्विच बायपास केला. मोटर सतत चालू, पंपाचं तेल ५ मिनिटं रिलीफ व्हॉल्व्हवरून टाकीत. काँटॅक्टर जळायचे थांबले, म्हणून दुरुस्ती यशस्वी ठरली. आता २०० बारचं तेल काहीही काम न करता शून्य बारला येत होतं. तेलाची घनता ८७० आणि विशिष्ट उष्मा १९०० घेतला तर रिलीफमधून जाताना प्रत्येक वेळी तेल १२ अंशांनी तापतं. दाब धरलेला असताना मोटरच्या शाफ्टवर ६.३ किलोवॅट लागत होते आणि ते सगळे उष्णतेत जात होते. पूर्ण फेरीवर वाटले तरी सरासरी ४ किलोवॅट.

टाकी ७०० × ४५० × ४५० मिमीची. बाजू आणि तळ मिळून १.३५ चौरस मीटर पत्रा. वारा नसलेल्या जागी चौरस मीटरमागे दर अंशाला १२ वॅट बाहेर जातात असं धरलं तर टाकी अंशामागे १६ वॅट टाकते. ४ किलोवॅट फक्त पत्र्यातून बाहेर काढायचे तर तेल हवेपेक्षा २५० अंशांनी गरम व्हायला हवं. म्हणून दुसरी दुरुस्ती करावी लागली, पाण्याचा कूलर. बोअरचं पाणी जड, नळ्यांत क्षार बसत गेले आणि तेल पुन्हा सत्तरीला गेलं.

४० अंशांना ६८ सेंटीस्टोक घट्टपणा असलेलं तेल ७० ला साधारण २० वर येतं. पातळ तेल गिअर पंपात आतल्या आत जास्त परत फिरतं. रिलीफची सीट, म्हणजे झडप टेकते ती बैठक, दिवसभर उच्च वेगाचा झोत सोसून खरवडली होती. दोन्ही मिळून दुपारी दाब १६५ बारला अडकायचा. १६५ बार म्हणजे ८२-८३ टन. मोल्ड पूर्ण बंद राहत नाही आणि फ्लॅश जाड येतो तो त्यामुळे.

निदान कसं केलं

महागडं काहीच लागलं नाही. दाब धरलेला असताना मोटरच्या एका फेजवर टाँग टेस्टर (तार न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावला, १२ अँपिअर. धरून ठेवण्याच्या वेळात मोटर जवळजवळ पूर्ण लोडवर आहे, एवढ्यावरच अर्धं निदान झालं. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने रिलीफकडून येणारी परतीची नळी आणि टाकीचा पत्रा यांची तापमानं घेतली. फरक ११-१२ अंश, वरच्या हिशोबाशी जुळणारा.

गळती सिलिंडरची की व्हॉल्व्हची हे ठरवायला सिलिंडरच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह आणि त्याच्या पलीकडे, सिलिंडरच्या बाजूला, गेज लावलं. २०० बारला नेऊन बॉल व्हॉल्व्ह बंद केला आणि ५ मिनिटं पाहिलं. काटा जेमतेम हलला. म्हणजे रॅमचं पॅकिंग ठीक. तसंही या प्रकारच्या रॅममध्ये पॅकिंग गळलं तर तेल बाहेर ओघळून दिसतं. बॉल व्हॉल्व्ह उघडा ठेवून, मोटर बंद करून तीच चाचणी केली तर दाब मिनिटभरात कोसळला. दोषी स्पूल.

ही चाचणी करताना जोडांवर हात फिरवून गळती शोधू नये. २०० बारची बारीक पिचकारी कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा.

पर्याय आणि निवड

प्रेशर कॉम्पेन्सेटेड पिस्टन पंप विचारात घेतला. तो दाब आला की स्वतःच प्रवाह शून्याजवळ आणतो. पण त्याच्या केस ड्रेनमधून (आतली गळती टाकीत नेणाऱ्या नळीतून) सतत थोडं तेल गरम होऊन परत येत राहतं, मोटर चालूच ठेवावी लागते, आणि काजळीने भरलेल्या रबर शॉपमध्ये पिस्टन पंप घालणं म्हणजे दुरुस्तीचं बिल आधीच लिहून ठेवणं. सर्व्हो मोटर आणि पंप ही जोडी इंजेक्शन मोल्डिंगला शोभते, तिथे फेरी सेकंदांची असते आणि वेग सतत बदलतो. पाच मिनिटं ढिम्म उभ्या राहणाऱ्या प्रेसला ती कशाला?

निवड झाली ती जुन्या, स्वस्त आणि कुठल्याही फिटरला समजणाऱ्या उपायाची. दोन पंप, सीट पद्धतीचे (झडप बैठकीवर घट्ट टेकून वाट बंद करणारे) व्हॉल्व्ह आणि दाबाखालचं तेल साठवणारा एक छोटा अक्युम्युलेटर.

एकाच शाफ्टवर दोन गिअर पंप, एक ४० सीसीचा आणि एक ३.२ सीसीचा. दोन्ही मिळून मिनिटाला ६२ लिटर, गळती वजा जाता ५९. रॅम सेकंदाला २० मिमीने वर जातो, २५० मिमीला साडेबारा सेकंद. मोल्ड टेकला आणि दाब ४० बारला पोचला की अनलोडिंग व्हॉल्व्ह मोठ्या पंपाचं तेल टाकीकडे वळवतो, मधला चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) त्याला वेगळं पाडतो आणि छोटा पंप एकटा २०० बारपर्यंत चढवतो. शक्तीचा हिशोब दोन टोकांना करावा लागतो. ४० बारच्या जरा आधी ६२ × ४० ÷ ६०० म्हणजे ४.१५ किलोवॅट, कार्यक्षमता धरून ४.६. नंतर २०० बारला छोट्या पंपाचे १.७ आणि मोकळ्या फिरणाऱ्या मोठ्या पंपाचे अर्धा, मिळून २.२. म्हणून मोटर ५.५ किलोवॅटची पुरली. जुनीपेक्षा लहान मोटर आणि साडेतीन पट वेग.

अनलोडिंगचा ४० बारचा आकडा हवेतून आलेला नाही. वर चढताना लाइनमध्ये १०-१२ बारांपेक्षा जास्त लागत नाही, पण बंपिंगनंतर पुन्हा बंद करताना अर्धवट मऊ रबराचा विरोध येतो. सेटिंग २० ठेवलं तर मोठा पंप फार लवकर सुटतो आणि शेवटचे आठ-दहा मिमी छोट्या पंपाच्या १.४ मिमी वेगाने रखडतात. ६० ठेवलं तर मोटरला ६ किलोवॅटच्या वर मागणी जाते.

दाब धरणारी बाजू

या फेररचनेचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. सिलिंडरला थेट जोडलेला एकही स्पूल ठेवायचा नाही, हा नियम आधी घातला. पंपाकडून येणारं तेल साइज १० च्या दिशादर्शक व्हॉल्व्हमधून आणि मग सीट पद्धतीच्या चेक व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातं. स्पूल गळला तरी तो चेकच्या अलीकडे आहे, सिलिंडरचं तेल तिथवर पोचतच नाही. सिलिंडरमधून टाकीकडे जायला एक मोठा पायलट ऑपरेटेड चेक (वेगळ्या लाइनने दाब दिला की उलट दिशेनेही उघडणारा), तोही सीट पद्धतीचा. तिसरी वाट म्हणजे दाब हळू सोडण्यासाठी छोटा सीट टाइप २/२ सोलेनॉइड आणि त्यामागे ऑरिफिस, म्हणजे बारीक भोक.

सिलिंडरच्या बाजूलाच १ लिटरचा ब्लॅडर अक्युम्युलेटर, त्याच्या रबरी फुग्यात आधीच भरलेला नायट्रोजन १६० बार. तो हवाच का? सील नवे आणि गळती मिनिटाला २ सीसी असेल तर अक्युम्युलेटरशिवायही २०० वरून १८५ ला यायला साडेसहा मिनिटं लागतात, फेरी निभावते. पण गळती १० सीसीवर गेली की दीड मिनिटही निघत नाही. १ लिटरचा अक्युम्युलेटर २०० ते १८५ मध्ये ६५ सीसी देतो, सिलिंडरच्या स्वतःच्या १३ मध्ये ते मिळवले की ७८. मग १० सीसी गळतीतही पावणेआठ मिनिटं मिळतात. मोटर फेरीला एकदा मोल्ड बंद करताना आणि एकदा उघडताना सुरू होते, तासाला सतरा-अठरा वेळा. पूर्वी तेवढ्या सुरुवाती दहा मिनिटांत व्हायच्या. तरीही एवढ्या सुरुवातींसाठी स्टार-डेल्टा काढून सॉफ्ट स्टार्टर घातला.

अक्युम्युलेटरचं दुसरं कारण तापमान. तेल अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. बंदिस्त १२.३ लिटर तेल १ अंशाने तापलं तर ८.६ सीसीची वाढ, म्हणजे कडक भिंतींच्या सिलिंडरात जवळपास १० बार. वर १६० अंशांचे प्लेटन, रॅममधून उष्णता खाली उतरते. दोन-तीन अंश सहज चढतात. अक्युम्युलेटर असला की तीच वाढ अंशाला दोन बारांच्या आत राहते. तरीही सिलिंडरच्या तोंडाशी २२० बारचा स्वतंत्र रिलीफ लावला. पंपाजवळचा २१० चा रिलीफ चेक व्हॉल्व्हच्या पलीकडचा दाब पाहूच शकत नाही. गळती संपवली की अडकलेल्या तेलाचा प्रश्न जन्माला येतो. पहिल्यांदा सीट व्हॉल्व्ह वापरणारे बरेच जण हे विसरतात आणि मग पॅकिंग का फुटलं म्हणून शोधत बसतात.

अक्युम्युलेटरला सेफ्टी ब्लॉक, त्यात हाताने मोकळा करायचा व्हॉल्व्ह. भरायचा फक्त कोरडा नायट्रोजन. हवा किंवा ऑक्सिजन तेलाच्या वाफेशी मिळून स्फोट करतो, त्यात सवलत नाही.

उघडताना

२०० बारला दाबलेल्या १२.३ लिटरमध्ये १७५ सीसी 'जास्तीचं' तेल कोंबलेलं असतं. अक्युम्युलेटरमध्ये आणखी २०० सीसी. मोठा व्हॉल्व्ह एकदम उघडला तर हे पावणेचारशे सीसी क्षणार्धात सुटतं, पाइप झटका खातो, क्लँप सैल होतात आणि काही महिन्यांत वेल्डला तडा जातो. म्हणून आधी ऑरिफिसमधून दाब सोडायचा. १ मिमीच्या भोकाला हिशोबाने ५ सेकंद लागत होते. १.५ मिमीला सव्वादोन सेकंद. तोच ठेवला. मोठा व्हॉल्व्ह दाब १० बारच्या खाली आल्यावरच उघडेल असा दुसरा प्रेशर स्विच जोडला. फक्त टायमरवर सोडलं तर ऑरिफिस कचऱ्याने तुंबलेल्या दिवशी झटका बसणारच.

अक्युम्युलेटर दर फेरीला रिकामा करण्याऐवजी सोलेनॉइडने वेगळा पाडून भरलेलाच ठेवता आला असता. पण मग मोल्ड उघडा, कामगाराचे हात आत आणि बाजूला २०० बारचा साठा, अशी स्थिती दर फेरीला येते. रिकामा करण्यात फेरीमागे ५ किलोज्यूल जातात. धरून ठेवताना आधी १८९० जात होते. ५ जाऊ द्यावेत. बंपिंग ५०-६० बारला होतं, म्हणजे १६० च्या खाली, त्यामुळे अक्युम्युलेटर त्यात सामील होतच नाही.

आता ते २.४ बार. रॅम वजनाने खाली येताना तेलाला ढकलायला एवढाच दाब उपलब्ध आहे. पहिल्या आराखड्यात परतीचं तेल साइज १० च्या स्पूलमधून आणि रिटर्न फिल्टरमधून नेलं होतं. पंधरा सेकंदांत रॅम उतरवायचा तर मिनिटाला ४९ लिटर वाहायला हवेत. स्पूल आणि फिल्टर मिळून तेवढ्या प्रवाहाला २.४ बारांपेक्षा जास्त खातात, म्हणजे वेग आपोआप पडतो. जुन्या साइज ६ च्या व्हॉल्व्हमधून रॅम उतरायला ४० सेकंद लागत, त्याचं कारण हेच. म्हणून सव्वा इंची पायलट चेक, ३८ मिमी आतल्या व्यासाचा पाइप, तोही थेट टाकीत आणि तेलाच्या पातळीखाली बुडवलेला. त्या वाटेवर फिल्टर नाही. १० मायक्रॉनचा फिल्टर मोठ्या पंपाच्या अनलोडिंग लाइनवर घेतला, तिथे ढकलायला पंप आहे.

पायलटला दाब देण्यासाठी दिशादर्शक व्हॉल्व्हच्या बी पोर्टवर ३० बारचा रिलीफ ठेवला, पूर्ण ६२ लिटर सोडू शकेल असा. तो नसता तर छोटा पंप पायलट लाइनला २१० बारपर्यंत नेऊन ठेवतो.

सुरू करताना काय बिघडलं

पहिल्याच दिवशी पंप किंचाळला. टाकी जुनीच वापरली होती, सक्शन लाइन १ इंचाची. १७ लिटरला ती चालत होती, ६२ ला तिच्यात वेग सेकंदाला २.१ मीटर झाला. सक्शनमध्ये १ मीटरच्या वर जाऊ नये, आणि गार सकाळी व्हीजी ६८ जाड असताना तर नकोच. दीड इंची लाइन आणि मोठा स्ट्रेनर बसवल्यावर आवाज गेला. सक्शनच्या जोडात टेफ्लॉन टेपऐवजी ओ-रिंगचा फ्लँज वापरला. टेपचे धागे सुटून रिलीफच्या सीटखाली अडकतात.

दुसरं लफडं ब्रीदरचं, म्हणजे टाकीत हवा ये-जा करण्याच्या गाळणीचं. रॅम वर जाताना टाकीतली पातळी ३९ मिमी खाली येते आणि १२ लिटर हवा साडेबारा सेकंदांत आत यावी लागते. जुन्या ब्रीदरची जाळी कार्बन ब्लॅकने बुजलेली होती. टाकीचा पत्रा आत ओढला जाताना चक्क दिसायचा. स्पिन-ऑन पद्धतीचा १० मायक्रॉनचा ब्रीदर लावला. रबर शॉपमध्ये घाण आत यायची मुख्य वाट ब्रीदर आहे, रॅम त्याच्यानंतर. सीटवर काजळीचा एक कण अडकला तरी सीट व्हॉल्व्हची शून्य गळती संपते, म्हणून सुरुवातीला तेल ४ तास मोकळं फिरवून फिल्टर बदलला आणि मगच अक्युम्युलेटर जोडला.

तिसरं सुरक्षेचं. जुना वेग ५.६ मिमी, हात काढायला अवधी मिळायचा. २० मिमीला तो मिळत नाही. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं आणि समोर लाइट कर्टन (हात मधे आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावल्याशिवाय नवा वेग वापरायला दिला नाही. मोल्डखाली काम करताना लावायचा लोखंडी टेकूही बनवून प्रेसलाच साखळीने बांधला. टेकू नसेल तर रोलर स्विचमुळे मेन्टेनन्स मोड सुरूच होत नाही.

स्वीकृतीची चाचणी अशी. अक्युम्युलेटर ब्लॉकवर बंद, २०० बार, मोटर बंद, १० मिनिटं दर मिनिटाला गेज वाचायचं, आणि प्लेटन थंड. गरम प्लेटनवर ही चाचणी घेतली तर तेल फुगून गळती झाकते आणि निकाल खोटा चांगला येतो. १० मिनिटांत १० बार, म्हणजे ९ सीसीच्या आत, ही मर्यादा ठरवली.

आकड्यांत फरक

फेरी ४७५ सेकंदांवरून ४१८ वर आली. त्यातले ३०० क्युअरिंगचे, त्यांना हात लावता येत नाही, तरी दोन पाळ्यांत १२१ ऐवजी १३८ फेऱ्या बसतात. धरून ठेवण्यात जाणारी वीज फेरीला ०.६ युनिट होती, दिवसाला सत्तरीच्या पुढे. ती आता नाही. प्लेटनच्या हीटरची वीज तेवढीच आहे, तिचा या कामाशी संबंध नाही.

तेलात फेरीमागे आता साधारण १२० किलोज्यूल पडतात, सरासरी २८०-२९० वॅट. टाकी अंशामागे १६ वॅट टाकते, म्हणजे तेल हवेपेक्षा १८ अंश वर. रॅममधून येणारी उष्णता धरली तर वीस-बावीस. शेडमध्ये ३५ असताना तेल ५५ च्या आसपास राहतं. कूलर काढून टाकला. मे महिन्यात शेड ४२ ला जाते तेव्हा तेल ६४ ला पोचतं, तेही चालण्यासारखं.

रॅममधून येणाऱ्या उष्णतेचं काम मात्र बाकी आहे. खालचा प्लेटन आणि रॅम यांच्यामधला इन्सुलेशन बोर्ड दाबून पातळ झाला आहे. तो बदलला की रॅमच्या पॅकिंगजवळचं तापमान उतरेल आणि नायट्रिल सील जास्त टिकतील. त्यासाठी मोल्ड उतरवून प्रेस दीड दिवस बंद ठेवावी लागेल, म्हणून ते पुढच्या शटडाउनला ठेवलं आहे. तोपर्यंत दर महिन्याला नायट्रोजन तपासायचा. तो १६० वरून १४० ला आला की आधी व्हॉल्व्हच्या कोअरला साबणाचं पाणी लावून बघायचं, ब्लॅडर बदलायची घाई नंतर.